वनस्पतिजन्य प्लॅस्टिक : इतिहास काय सांगतो?

मानवाच्या इतिहासाचे पाषाणयुग, ताम्रयुग आणि लोहयुग असे टप्पे आपण शाळेत शिकतो. माणूस ज्या पदार्थापासून आपली हत्यारे व भांडी घडवितो, त्या पदार्थाचे नाव त्या युगाला मिळते. हाच न्याय लावला तर आजच्या युगाला प्लॅस्टिकयुगच म्हणावे लागेल. १९५० साली साऱ्या जगात मिळून सुमारे २० लाख टन प्लॅस्टिक तयार होत असे. आज ते दरसाल ४० कोटी टनांहून अधिक होते. १९५० ते २०१५ या काळातील प्लॅस्टिकचा हिशेब शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये मांडला. कचरा झालेल्या प्लॅस्टिकपैकी जेमतेम ९ टक्के वितळवून पुन्हा वापरात आले, १२ टक्के जाळले गेले आणि उरलेले ७९ टक्के उकिरड्यांवर वा उघड्या निसर्गात पडून राहिले, असे त्यात दिसून आले.

या संकटावरचा उतारा म्हणून अलीकडे 'जैवप्लॅस्टिक' हे नाव वारंवार कानी पडते. मका, ऊस, बटाट्याचे सत्त्व अशा वनस्पतिजन्य मालापासून हे प्लॅस्टिक करतात. दुकानात मिळणाऱ्या एखाद्या पिशवीवर हिरवे पान छापलेले असते आणि ती मातीत मिसळून जाईल असा भरवसा दिलेला असतो. ग्राहकही समाधानाने दोन पैसे जास्त मोजतो. हे समाधान कितपत खरे आहे?

प्रस्तुत लेखक इतिहासाचा शिक्षक आहे. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत निवाडा देण्याचा त्याचा अधिकार नाही. परंतु या बाबतीत इतिहासालाही काही सांगावयाचे आहे. जैवप्लॅस्टिक ही काल-परवाची वस्तू नव्हे. उष्णतेने मऊ व्हावा, साच्यात हवा तो आकार घ्यावा आणि थंड होताच घट्ट व्हावा, असा पदार्थ म्हणजे प्लॅस्टिक असे म्हटले, तर माणसाने वापरलेली पहिली सारी प्लॅस्टिके झाडांपासून, प्राण्यांपासून आणि किड्यांपासूनच मिळालेली होती. त्यांनी जगाला काय दिले आणि जगाकडून काय घेतले, याची नोंद आपल्यासमोर आहे.

लाख आणि गट्टापर्चा

यातील सर्वांत जुने उदाहरण आपल्याच देशातले आहे. ते म्हणजे लाख. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे किडे वस्ती करतात आणि आपल्याभोवती राळेसारखे कवच तयार करतात. ते खरवडून, वितळवून, गाळून लाख मिळते. महाभारतातील लाक्षागृहाची गोष्ट मुलांना ठाऊक असते. बांगड्या, खेळणी, पत्रावरची मोहोर, लाकडावरचे रोगण अशा अनेक कामी लाख शतकानुशतके वापरली गेली. विसाव्या शतकाच्या आरंभी ग्रामोफोनच्या तबकड्याही लाखेत दगडाची भुकटी व काजळी मिसळून छापल्या जात. जगाला लाख पुरविण्यात हिंदुस्थानचा वाटा सर्वांत मोठा होता. छोटा नागपूरच्या जंगलातील आदिवासी कुटुंबांनी गोळा केलेल्या लाखेवर लंडन-न्यूयॉर्कची गाणी वाजत होती, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. या व्यवसायाला शास्त्राची जोड मिळावी म्हणून १९२४ मध्ये रांचीजवळ नामकुम येथे लाख संशोधन संस्था स्थापन झाली.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. लाख मिळविण्यासाठी झाड तोडावे लागत नाही. झाड जिवंत राहिले तरच किडा जगतो आणि किडा जगला तरच लाख मिळते. म्हणून लाख घेणारा माणूस पळस-कुसुम राखतो.

याच्या अगदी उलट कथा गट्टापर्चाची आहे. मलाया, सुमात्रा, बोर्निओच्या जंगलांतील एका वृक्षाच्या चिकाला हे नाव आहे. गरम पाण्यात तो मऊ होतो, निवला की कडक होतो. १८४३ मध्ये सिंगापूरच्या विल्यम मॉन्टगोमेरी या डॉक्टरने त्याचे नमुने लंडनला पाठविले. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात हा पदार्थ वर्षानुवर्षे टिकतो आणि विजेला बाहेर पडू देत नाही, असे थोड्याच काळात दिसून आले. समुद्रतळाशी तारायंत्राच्या तारा टाकण्यासाठी जणू निसर्गाने तयार ठेवलेले वेष्टनच मिळाले. १८६६ मध्ये अटलांटिक महासागरातून कायमची तार गेली. १८७० मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' या अजस्र जहाजाने मुंबईपासून एडनच्या दिशेने तार अंथरली आणि त्याच वर्षी मुंबई सागरी तारांनी लंडनशी जोडली गेली. पूर्वी जहाजाने आठवडेच्या आठवडे घेणारी बातमी आता काही तासांत येऊ लागली. मुंबईच्या कापूस बाजाराचे दिवस त्यामुळे पालटले.

पण या प्रगतीची किंमत कोणी दिली? जिवंत झाडाला चिरा पाडून चीक फारसा मिळत नसे. म्हणून झाडच आडवे करीत. एवढा मोठा वृक्ष पाडूनही हाती येणारा चीक अगदी थोडा असे. सिंगापूर बेटावरील ही झाडे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यासच जवळजवळ नाहीशी झाली. मग मलायाचे, मग सुमात्रा-बोर्निओचे जंगल तुटत गेले. लक्षावधी झाडे पडली. पुढे जावा बेटावर लागवड सुरू झाली आणि झाड न तोडता पानांपासून चीक काढण्याची रीतही निघाली, परंतु तोवर जंगलाचे व्हावयाचे ते नुकसान होऊन गेले होते.

लाख निसर्गाची, गट्टापर्चाही निसर्गाचाच. एकाने झाड राखले, दुसऱ्याने झाड संपविले. तेव्हा एखादी वस्तू 'निसर्गापासून' आली आहे एवढ्यावरून ती निसर्गाच्या हिताची ठरत नाही. ती कोणत्या रीतीने आणि किती प्रमाणात घेतली, यावर सारे अवलंबून असते. हा इतिहासाचा पहिला धडा होय.

सेल्युलॉइड : एक ओझे उतरले, दुसरे चढले

एकोणिसाव्या शतकात हस्तिदंताला युरोप-अमेरिकेत मोठी मागणी होती. कंगवे, चाकूच्या मुठी, पियानोच्या पट्ट्या आणि बिलियर्डचे चेंडू यांसाठी आफ्रिकेत हत्ती मारले जात. १८६३ च्या सुमारास न्यूयॉर्कमधील बिलियर्ड साहित्याच्या एका व्यावसायिकाने हस्तिदंताला पर्याय शोधणाऱ्यास १०,००० डॉलरचे बक्षीस जाहीर केले. तत्पूर्वी १८६२ च्या लंडन प्रदर्शनात अलेक्झांडर पार्क्स या इंग्रज कारागिराने वनस्पतीच्या तंतूंवर नत्राम्लाची क्रिया करून केलेला एक नवा पदार्थ मांडला होता. त्याच वाटेने पुढे जाऊन अमेरिकेच्या जॉन वेस्ली हायट याने कापसाच्या तंतूंचे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांच्या मिश्रणातून १८६९-७० मध्ये सेल्युलॉइड तयार केले.

कापूस आणि कापूर! यापेक्षा अधिक 'जैव' प्लॅस्टिक कोणते असणार? त्याने पुष्कळ उपकारही केले. बिलियर्डच्या चेंडूंत हस्तिदंताची जागा घेण्यास ते अपुरे पडले, परंतु कंगवे, मुठी, चष्म्याच्या चौकटी यांतून हस्तिदंत आणि कासवाचे कवच मागे हटले. साध्या माणसाच्या घरात स्वस्त कंगवा आला. आणि सेल्युलॉइडच्या फितीवर चित्रपटाचा जन्म झाला. दादासाहेब फाळके यांचा १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' याच फितीवर उमटला.

आता दुसरी बाजू पाहू. सेल्युलॉइडला कापूर भरपूर लागे आणि तो मुख्यतः तैवान बेटावरील कापराच्या जुन्या वृक्षांपासून मिळे. झाडे तोडून, लाकडाचे तुकडे करून, वाफेने कापूर काढीत. १८९५ मध्ये बेट जपानच्या ताब्यात गेले, १८९९ मध्ये जपानने कापराचा मक्ता सरकारकडे घेतला आणि डोंगराळ भागातील कापराच्या जंगलासाठी तेथील मूळ रहिवाशांवर लष्करी मोहिमा झाल्या. हत्तीवरचा भार थोडा हलका झाला आणि तो एका दूरच्या बेटावरील झाडांवर व माणसांवर गेला. शिवाय सेल्युलॉइड अतिशय ज्वालाग्राही. जुनी नायट्रेट फीत एकदा पेटली की विझविणे महाकठीण. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फितींच्या साठ्याला आग लागली आणि आपल्या आरंभीच्या चित्रपटांचा अमोल ठेवा भस्मसात झाला.

याच सुमारास जर्मनीत दुधातील केसिन या प्रथिनापासून 'गॅलॅलिथ' तयार झाले. त्याची गुंड्या, बकले, विणकामाच्या सुया होत. दिसायला सुंदर, न पेटणारे; पण त्यासाठी दूध लागे. म्हणजे मुलांच्या पेल्याशी स्पर्धा आली. अन्नापासून वस्तू करावी काय, हा आज मक्याच्या प्लॅस्टिकबाबत विचारला जाणारा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे.

दगडी कोळसा व खनिज तेलाचे राज्य

मग ही जैविक प्लॅस्टिके मागे का पडली? याचे उत्तर पुन्हा लाखेपाशी येते. विजेची उपकरणे वाढली तशी वेष्टनासाठी लाखेची मागणी वाढली. लाखेला पर्याय शोधता शोधता १९०७ मध्ये लिओ बेकलँड यांनी फिनॉल व फॉर्माल्डिहाइड यांपासून बेकेलाइट तयार केले. हे पहिले पूर्णतः कृत्रिम प्लॅस्टिक. १९३३ मध्ये इंग्लंडमध्ये आय.सी.आय. कंपनीच्या प्रयोगशाळेत पॉलिथीन अकस्मात हाती लागले. पुढे समुद्री तारांवरून गट्टापर्चाची हकालपट्टी याच पॉलिथीनने केली आणि तबकड्यांतून लाखेची हकालपट्टी व्हिनाइलने केली.

ज्या पॉलिथीनला आज आपण शत्रू मानतो, त्याच पॉलिथीनने मलायाच्या वृक्षांना कुऱ्हाडीपासून सोडविले, ही गोष्ट न्यायबुद्धीने मान्य केली पाहिजे. दोष पदार्थात जेवढा होता, त्याहून अधिक आपल्या वापरात होता. वर्षानुवर्षे न कुजणारा पदार्थ समुद्रतळाच्या तारेसाठी उत्तम. तोच दहा मिनिटांच्या भाजीसाठी वापरला की शाप. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या महापुराची कारणे अनेक होती, पण नाले-गटारांत अडकलेल्या पातळ पिशव्यांनी पाण्याची वाट अडविली, हे मुंबई-ठाण्यातील पालकांना नव्याने सांगावयास नको.

पुन्हा वनस्पतीकडे

तेलाच्या राज्यातही जैवप्लॅस्टिकची ज्योत विझली नव्हती. १९२६ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील मोरिस लेम्वान यांना असे आढळले की काही जीवाणू आपल्या शरीरात चरबीसारखा एक पदार्थ साठवितात आणि तो प्लॅस्टिकसारखा वागतो. १९४१ मध्ये हेन्री फोर्ड यांनी सोयाबीन व इतर शेतमाल वापरून केलेल्या पत्र्यांची मोटार लोकांपुढे उभी केली. महायुद्धाने तो प्रयोग थांबला. १९७३ मध्ये खनिज तेलाचे भाव भडकले तेव्हा सर्वांना पुन्हा शेतीची आठवण झाली. १९९० मध्ये जर्मनीत जीवाणूंनी बनविलेल्या प्लॅस्टिकच्या शाम्पूच्या बाटल्या विक्रीस आल्या, पण भाव कितीतरी पट जास्त असल्याने त्या टिकल्या नाहीत. २००२ मध्ये अमेरिकेत नेब्रास्का राज्यातील ब्लेअर येथे मक्यापासून पॉलिलॅक्टिक आम्ल, म्हणजे 'पीएलए', करणारा मोठा कारखाना सुरू झाला. २०१० मध्ये ब्राझीलमध्ये उसाच्या मद्यार्कापासून वर्षाला २ लाख टन पॉलिथीन करण्याचा कारखाना निघाला. आपल्या महाराष्ट्रातही ऑक्टोबर २०२४ मध्ये जेजुरी येथे पीएलए बनविण्याचे प्रात्यक्षिक केंद्र सुरू झाले. तथापि जगातील एकूण प्लॅस्टिकमध्ये जैवप्लॅस्टिकचा वाटा अजून एक टक्क्याहूनही कमी आहे.

गुण आणि दोष

प्रथम शब्दांचा घोळ सोडविला पाहिजे. वनस्पतीपासून बनलेले आणि मातीत कुजणारे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. ब्राझीलचे उसाचे पॉलिथीन जन्माने वनस्पतीचे आहे, पण गुणाने ते तेलाच्या पॉलिथीनचे जुळे भावंड. ते कुजत नाही. उलट खनिज तेलापासून केलेली काही प्लॅस्टिके कुजू शकतात. जन्म पाहून अंत ओळखता येत नाही.

गुणांचा हिशेब प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. वनस्पती वाढताना हवेतील कार्बन घेते, म्हणून खनिज तेलावरचा भार व हवेतील कर्बवायूची भर काही अंशी कमी होऊ शकते. शस्त्रक्रियेनंतर आपोआप विरघळणारे टाके याच कुळातील पदार्थांचे असतात. ते पुन्हा काढावे लागत नाहीत. इटलीतील मिलान शहराने २०१२ पासून घरोघरचा ओला कचरा कुजणाऱ्या पिशव्यांतून गोळा करण्यास सुरुवात केली. पिशवीसकट कचरा खतात जातो, पिशवी वेगळी काढावी लागत नाही. जेथे वस्तू अन्नाने माखणारच आहे आणि पुढे खताचा कारखाना तयार आहे, तेथे जैवप्लॅस्टिक खरोखर उपयोगी ठरते.

आता दोष. पीएलए कुजण्यासाठी सुमारे ६० अंश सेल्सिअस उष्णता, ओलावा आणि सूक्ष्मजीव यांची जोड लागते. ही व्यवस्था मोठ्या खत-कारखान्यात असते. परसातल्या खड्ड्यात, खाडीत किंवा समुद्रात नसते. तेथे पीएलएचा पेला वर्षानुवर्षे तसाच राहू शकतो. इंग्लंडच्या प्लिमथ विद्यापीठातील संशोधकांनी निरनिराळ्या पिशव्या माती, हवा व समुद्रात ठेवून पाहिल्या. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : खतात कुजणारी पिशवी समुद्रात तीन महिन्यांत नाहीशी झाली, पण मातीत २७ महिन्यांनंतरही शिल्लक होती, आणि 'जैवविघटनशील' असे लिहिलेली दुसरी एक पिशवी तर तीन वर्षे मातीत व समुद्रात राहूनही बाजारहाट पेलण्याइतकी धड होती! स्टार्चपासून केलेली पिशवी कचऱ्याच्या ढिगात हवेविना कुजली तर मिथेन वायू निघतो आणि तो पृथ्वीचे तापमान कर्बवायूपेक्षा कितीतरी अधिक वाढवितो.

दुसरा दोष आपल्या भंगारवाल्या बांधवांच्या पोटाशी निगडित आहे. पीएलएची पारदर्शक बाटली व नेहमीच्या पेटची बाटली डोळ्यांनी वेगळी ओळखता येत नाही. पेटच्या ढिगात पीएलए मिसळले तर वितळविताना साऱ्या मालाचा दर्जा बिघडतो. धारावीसारख्या ठिकाणी प्लॅस्टिक निवडून, धुऊन, दाणे करून विकणारी हजारो कुटुंबे आहेत. निवडण्याची सोय न करता नवे प्लॅस्टिक बाजारात सोडले, तर त्याचा भुर्दंड या कुटुंबांवर पडणार.

तिसरा दोष शेतीचा. ऊस हे पाणी पिणारे पीक आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, हे आपण पाहिले आहे. आज जैवप्लॅस्टिकसाठी लागणारी जमीन जगाच्या एकूण शेतीच्या मानाने नगण्य आहे हे खरे. परंतु एक टक्क्याचे पन्नास टक्के करावयाचे झाल्यास पाणी, खत आणि जमीन कोठून आणणार? शेतातला उरलेला पालापाचोळा, भुसा, चोथा यांपासून प्लॅस्टिक करता आले तर गोष्ट वेगळी. संशोधनाची खरी दिशा तीच आहे.

तीन प्रश्न

विद्यार्थी मित्रांनो, इतिहासाने भविष्य सांगता येत नाही. पण योग्य प्रश्न विचारण्याची सवय मात्र लागते. कोणतेही नवे प्लॅस्टिक हाती आले की तीन प्रश्न विचारा. हे कशापासून व कोणाच्या जिवावर तयार झाले? वापर संपल्यावर आपल्या गावात ते नेमके कोठे जाणार? आणि ही वस्तू मुळात लागते काय? गट्टापर्चा पहिल्या प्रश्नात नापास झाला. पॉलिथीनची पिशवी दुसऱ्या प्रश्नात नापास झाली. आजची पुष्कळशी हिरवी पिशवी तिसऱ्या प्रश्नाला टाळाटाळ करते.

कायद्यानेही आपल्याला थोडी मदत केली आहे. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरण्याच्या कित्येक प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी आली. खतात कुजणाऱ्या पिशवीला जाडीच्या नियमातून सूट आहे, परंतु तिला भारतीय मानक १७०८८ लागू आहे आणि उत्पादकाकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र असावे लागते. तेव्हा पिशवीवरील हिरव्या पानाचे चित्र पाहू नका. त्यावर 'कंपोस्टेबल' हा शब्द आणि प्रमाणपत्राचा उल्लेख आहे काय, ते पाहा.

पालक बंधुभगिनींना एवढीच विनंती की, लग्नाची दावत असो, उरूस असो वा शाळेचे स्नेहसंमेलन असो, प्लॅस्टिकचे पेले काढून त्या जागी महागडे मक्याचे पेले मांडले म्हणजे कर्तव्य संपले असे समजू नये. गावात खताची सोय नसेल तर दोन्ही पेले एकाच उकिरड्यावर जाणार आहेत. त्यापेक्षा मोहल्ल्याने वा जमातीने मिळून दोन-तीनशे स्टीलचे पेले व ताटे घेऊन ठेवावीत आणि गरजेप्रमाणे घरोघरी द्यावीत. बाजाराला जाताना कापडी पिशवी खांद्याला असावी. ज्या पळसावर लाख पिकते, त्याच पळसाच्या पानांची पत्रावळ आपल्या वाडवडिलांनी वापरली; तिला ना कारखाना लागला, ना प्रमाणपत्र.

आणि आपल्या मुलामुलींपैकी ज्यांना विज्ञानाची गोडी आहे, त्यांना रसायनशास्त्र व सूक्ष्मजीवशास्त्राकडे अवश्य पाठवावे. भाताच्या तुसापासून, आंब्याच्या कोयीपासून, मासळीच्या कवचापासून उपयोगी पदार्थ करण्याची विद्या आपल्या कोकण-देशावरच्या मुलांनी का मिळवू नये? पार्क्स आणि हायट यांच्यापाशी उत्साह होता, पण त्यांच्या वस्तूचा शेवट काय होईल हे विचारणारे त्या काळी कोणी नव्हते. ते विचारण्याची जबाबदारी आपल्या पिढीकडे आली आहे.